पावसाळ्यात थीम पार्कला जाताना बॅगेत काय घ्याल?

पावसाळ्यात जोडून सुट्टी आली की काशीगावातली बरीच कुटुंबं खोपोलीच्या इमॅजिकाला किंवा गोराईच्या वॉटर किंगडमला निघतात. पुढच्या आठवड्यात त्यांपैकी काही जण पायाच्या बोटांमधल्या चिखल्या किंवा जांघेतली खाज घेऊन दवाखान्यात येतात. दोष पार्कचा नसतो, दिवसभर ओल्या कपड्यांत आणि ओल्या बुटांत राहण्याचा असतो.

अशाच एका पावसाळी सहलीनंतर एक आजोबा आले होते. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह. ओल्या बुटात चालून टाचेला फोड आला आणि फुटलाही, पण पाय बधिर असल्याने त्यांना काहीच कळलं नाही. चौथ्या दिवशी मोज्याला लागलेला पू सुनेने पाहिला. जखम भरायला दोन महिने लागले. त्या दिवशी बॅगेत सगळ्यांचे रेनकोट होते, पण कोरड्या मोज्यांचा एकही जोड नव्हता.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. पावसात भिजणं टळत नाही. भिजल्यावर लवकर कोरडं होता येईल, अशी बॅग भरा.

पायांसाठी

- पाणी निथळून जाईल अशी, मागे पट्टा असलेली सँडल घाला. नवी चप्पल त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.
- प्रत्येकासाठी सुती मोजे आणि आतले कपडे यांचा एक जादा जोड, तसंच पातळ टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी ठेवा.
- मधुमेह असेल तर अनवाणी फिरू नका. दुपारी आणि घरी आल्यावर तळवे, टाचा आणि बोटांमधली जागा पुसून नीट पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा.

औषधांसाठी

रोजची औषधं एका दिवसाची जास्त घ्या आणि झिपच्या पिशवीत ठेवा. राइडवर बॅग नेता येत नाही, म्हणून ही पिशवी राइडवर न बसणाऱ्या माणसाकडे द्या.

- इन्शुलिन: बंद गाडीत ठेवू नका आणि थेट बर्फावरही ठेवू नका. गोठलेलं इन्शुलिन वापरता येत नाही.
- साखर तपासायच्या पट्ट्या: मूळ डबीतच ठेवा आणि झाकण लगेच लावा. ओलावा लागला की आकडा चुकतो.
- दमा: तातडीचा इनहेलर हाताशी हवा. पावडरच्या इनहेलरची कॅप्सूल वापरायच्या वेळीच बाहेर काढा.

प्रवासात आणि रांगेत

घोडबंदर रोड पावसात तुंबला की जेवणाची वेळ हुकते. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांसाठी हे धोक्याचं आहे. चणे, बिस्किटं आणि ग्लुकोज जवळ ठेवा. हात थरथरले, घाम फुटला किंवा गोंधळल्यासारखं झालं तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन छोटे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही देऊ नका, थेट रुग्णालय गाठा.

प्लास्टिकच्या रेनकोटमध्ये घाम खूप येतो, त्यामुळे पावसातही पाणी पीत राहा. ओआरएसची पाकिटं घ्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून डास पळवणारं मलमही हवं.

साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून किंवा चिखल्यांच्या भेगांमधून शरीरात शिरतात. जखमेवर पाणी आत न शिरणारी पट्टी लावा, तरीही शक्यतो अशा पाण्यात उतरू नका. उतरावंच लागलं तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे ते ठरवतील. ती मनाने घेऊ नका. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं.

परत आल्यावर

पुढचे दोन आठवडे, क्वचित महिनाभरही, तापाकडे लक्ष ठेवा. ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल, पण आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटरीत तीव्र वेदना, लाल किंवा पिवळे डोळे, लघवी कमी होणं, सतत उलट्या, धाप किंवा रक्तस्राव यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आणि डॉक्टरांना आपणहून सांगा, 'आम्ही सहलीला गेलो होतो, पाण्यातून चाललो होतो.' या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकतं.