ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ : सेमी इंग्रजीची मुलं नेमकी कुठे अडतात?



विज्ञानाच्या तासाला फळ्यावर ‘सॉल्ट सोल्युशन’ असं लिहिलं आणि वर्गाला विचारलं, “सोल्युशन म्हणजे काय?” मागच्या बाकावरून लगेच हात वर आला. “मॅडम, पंक्चर काढताना ट्यूबला लावतात ते!” सगळा वर्ग हसला.

पण त्या मुलाचं चुकलं काय होतं? आपलं खंडाळा पुणे-सातारा हायवेवरचं. घाट चढायच्या आधी गाड्या इथेच थांबतात, टायर तपासतात. पंक्चरच्या टपरीवर सोल्युशनची छोटी ट्यूब त्याने रोज पाहिलेली. शब्द त्याला येत होता, आणि येत होता म्हणूनच तो अडला. अजिबात माहीत नसता तर त्याने विचारलं असतं.

गंमत म्हणजे त्याचं उत्तर विज्ञानाच्या सगळ्यांत जवळचं होतं. त्या ट्यूबमध्ये रबर विरघळवलेलं असतं, म्हणून तर त्याला सोल्युशन म्हणतात. पाण्यात मीठ विरघळलं की तेही सोल्युशन, म्हणजे द्रावण. आणि गणितातलं ‘सोल्युशन’ म्हणजे उकल. लॅटिनमध्ये मूळ क्रियापद आहे त्याचा अर्थ ‘मोकळं करणे, सोडवणे’. आपणही गाठ सोडवतो आणि गणितही सोडवतोच की! एवढं सांगितल्यावर तो शब्द त्या मुलाला पुन्हा सांगावा लागला नाही.

आज हे लिहायला बसले ते यासाठी, की सेमी इंग्रजीच्या मुलांना कठीण शब्द अडवतात असं आपण धरून चालतो. पाठाखाली शब्दार्थ देताना आपण लांबलचक शब्द निवडतो. पण ‘फोटोसिंथेसिस’ला अर्थ एकच. एकदा समजला की संपलं. खरा घोटाळा होतो तो चार-पाच अक्षरी, सोप्या, रोजच्या शब्दांत. ते शब्दार्थांच्या यादीत कधी येतच नाहीत, कारण ‘एवढं तर येतंच’ असं मुलालाही वाटतं आणि आपल्यालाही.

एक पालक मध्यंतरी शाळेत आले. शिरवळला कंपनीत कामाला आहेत, सुट्टी काढून आलेले. म्हणाले, “मॅडम, याला सेमीतून काढू का? गणितात फारच कच्चा आहे. प्राथमिकला चांगले मार्क होते हो.” मी उत्तरपत्रिका काढली. एक प्रश्न होता : १५ आणि ९ यांतला ‘डिफरन्स’ काढा. मुलाने इंग्रजीत लिहिलं होतं, १५ मोठा आहे आणि ९ लहान आहे. शून्य गुण. मी तिथेच मुलाला बोलावलं आणि मराठीत विचारलं, “१५ मधून ९ गेले तर?” “सहा,” तो म्हणाला, आणि बावरून वडिलांकडे बघायला लागला. हे काय विचारणं झालं, असा चेहरा.

तो गणितात कच्चा नव्हता. ‘डिफरन्स’ म्हणजे फरक हे त्याला इंग्रजीच्या तासाला आम्हीच शिकवलेलं. गणितात तोच शब्द वजाबाकीचं उत्तर मागतो, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. तसं बघितलं तर मराठीतही आपण ‘दोन संख्यांतला फरक’ म्हणतोच. फक्त दुवा जोडायचा राहिला होता.

गणिताच्या पुस्तकात असे शब्द पानोपानी आहेत. ‘प्रॉडक्ट’ म्हणजे कंपनीत तयार होतो तो माल, हे आपल्याकडच्या मुलांना पक्कं माहीत. गणितात तो गुणाकार. ‘टेबल’ म्हणजे मेज, आणि पाढाही, आणि आडव्या-उभ्या रकान्यांचा तक्ताही. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे टीव्हीचा आवाज, गणितात घनफळ, वाचनालयात ग्रंथाचा खंड. ‘पॉवर’ म्हणजे ताकद, वीज, चष्म्याचा नंबर आणि घातांक. ‘मीन’ म्हणजे अर्थ असणे, मीन म्हणजे कोत्या मनाचा, आणि सांख्यिकीत सरासरी. ‘इव्हन’ म्हणजे ‘सुद्धा’ असं पाठ केलेल्या मुलीला ‘इव्हन नंबर’ वाचून काय वाटत असेल? ‘ऑड’ म्हणजे विचित्र. मग विषम संख्या विचित्र का, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला गप्प बसवू नका. जोडी लावत गेलं की एक सुटा उरतो, तो ऑड. इंग्रजीत त्या शब्दाचा जुना अर्थ तसाच, उरलेला, एकटा पडलेला.

‘राइट अँगल’ला एका मुलीने ‘उजवा कोन’ लिहिलं आणि वर विचारलं, “मग लेफ्ट अँगल कुठाय?” प्रश्न बिनतोड होता! राइट म्हणजे उजवा, बरोबर, हक्क, आणि सरळ उभा. काटकोन आला तो या शेवटच्या अर्थातून. ‘लेफ्ट’ची तर त्याहून मोठी अडचण. ‘हाऊ मेनी मँगोज आर लेफ्ट?’ किती आंबे उरले? मुलं डावीकडचे आंबे मोजतात. चित्र असेल तर हमखास. इथे ‘लेफ्ट’ हे ‘लीव्ह’ या क्रियापदाचं रूप आहे, डाव्या हाताशी त्याचा संबंध नाही. योगायोगाने दोन वेगळे शब्द एकाच वेशात आलेत.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न. “इंग्रजीतच असं का? एका शब्दाला एक अर्थ का नाही ठेवत?”

तर आपलंच बघा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात पोरांना ‘गाडी लागते’. स्टँडवर फलाटाला ‘गाडी लागते’. पहिल्या वाक्यात उलटी, दुसऱ्यात जागा धरायची घाई! शिवाय भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, आंबा गोड लागतो, निकाल लागतो, पाणी लागतं. हे शेवटचं तर बघाच. विहिरीला पाणी लागलं म्हणजे सापडलं, बाहेरगावी पाणी लागलं म्हणजे बाधलं, आणि पिकाला पाणी लागतं म्हणजे हवं असतं. ‘काढणे’ घ्या. कांदा काढायचा, कर्ज काढायचं, फोटो काढायचा, खोडी काढायची, दिवस काढायचे, आठवण काढायची. लोणंदच्या बाजाराला कांदा नेणाऱ्या घरातल्या मुलाला यातलं एकही वाक्य समजावून द्यावं लागत नाही. का? कारण त्याला ‘काढणे’ हा शब्द सुटा कधी भेटलाच नाही. भेटला तो कांद्याबरोबर, कर्जाबरोबर, फोटोबरोबर. अर्थ शेजारच्या शब्दाने ठरवला.

इंग्रजी मात्र आपण सुटं शिकवतो. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे एक मराठी शब्द. बँक बरोबर बँक. मग ‘शिरवळ इज ऑन द बँक ऑफ द नीरा’ याचं भाषांतर ‘शिरवळ नीरा बँकेत आहे’ असं येतं. नदीचा काठ त्या वहीत नसतोच.

वाईट त्या ‘बरोबर’च्या चिन्हाचं वाटतं. आमच्याही वह्या तशाच होत्या, आणि मी स्वतः कित्येक वर्षं तशाच लिहून घेतल्या. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, म्हणजे दोन इयत्ता-पिढ्या होऊन गेल्या, तरी ही शब्दार्थांची वही जशीच्या तशी आहे. जुने कोशकार यापेक्षा सावध होते. मोल्सवर्थ आणि थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. त्यात एका इंग्रजी शब्दापुढे मराठी प्रतिशब्दांची रांग दिसते. याच तालुक्यातल्या नायगावला १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाईंनी १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ प्रसिद्ध केलं, आणि इंग्रजी शिका असं त्यात सांगितलं. त्या काळी ज्यांनी इंग्रजी शिकून घेतलं, त्यांच्यापुढे एवढाच एक मोठा कोश होता. आपल्या मुलांच्या हातात मोबाइल आहे, पण त्यात वर दिसणारा पहिला अर्थ उतरवून ती मोकळी होतात.

इंग्रजी कोशातही हेच दिसतं. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद होती ‘सेट’ या इवल्याशा शब्दाची. पुढे नोंदी सुधारत गेले तेव्हा ‘रन’ने त्याला मागे टाकलं, त्याच्या नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदवले गेले. घाबरू नका, शाळेत सात-आठ पुरतात. आणि त्यातही एक मजा मुलांना दाखवता येते. इंग्रजी जिथे पळतं तिथे मराठी बहुधा चालतं किंवा वाहतं. ते दुकान ‘रन’ करतात, आपण चालवतो. त्यांची मोटर ‘रन’ होते, आपली चालू असते. त्यांचं नाक पळतं, आपलं वाहतं. साखर संपली की ते साखरेच्या बाहेर पळत जातात. निवडणुकीला अमेरिकेत ‘रन’ करतात, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’, आणि आपल्या ग्रामपंचायतीला माणूस उभाच राहतो. म्हणजे इथे आपलं इंग्रजांशी जमलं!

एक खबरदारी शिक्षकांसाठी. आपण फळ्यावर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो, मुलांना बरं पडतं म्हणून. पण देवनागरीत दोन निरनिराळे इंग्रजी शब्द एकसारखे दिसायला लागतात. ‘वीक’ म्हणजे आठवडा आणि अशक्त, ‘ब्रेक’ म्हणजे गाडीचा आणि तोडणे, ‘मेल’ म्हणजे टपाल आणि पुरुष. इंग्रजीत यांची स्पेलिंगं वेगळी आहेत. ते एका शब्दाचे अनेक अर्थ नव्हेत. ‘फेअर’मध्ये तर दोन्ही प्रकार एकत्र आहेत. फेअर वही, गोरा रंग, न्याय्य वागणूक आणि गावची जत्रा यांचं स्पेलिंग एकच, आणि एसटीचं भाडं म्हणजे ‘फेअर’, त्याचं वेगळं. उलटही होतं. चार अक्षरं तीच, पण ‘लीड’ वाचलं तर पुढे राहणं आणि ‘लेड’ वाचलं तर शिसं. असे शब्द रोमन लिपीत लिहूनच दाखवा, दुसरा मार्ग नाही.

मग करायचं काय? मी ‘बरोबर’चं चिन्ह बंद केलं. शब्दाच्या वहीत प्रत्येक शब्दाला अर्धं पान, आणि त्यात अर्थ नाही तर वाक्य लिहायचं. नवा अर्थ भेटला की त्याच पानावर खाली नवं वाक्य. ‘लाइक’च्या पानावर आधी ‘आय लाइक मँगोज’ होतं. मग पाठात ‘ही इज लाइक हिज फादर’ आलं. निम्म्या वर्गाने लिहिलं, त्याला त्याचे वडील आवडतात. दोन्ही वाक्यं एकाखाली एक आल्यावर त्यांनाच दिसलं, की दुसऱ्यात ‘इज’ आहे, म्हणजे ‘लाइक’ इथे क्रिया नाही, ‘सारखा’ आहे. व्याकरणाचा तास वेगळा घ्यावा लागला नाही.

दुसरी गोष्ट पेपर तपासतानाची. सेमीच्या गणितात उत्तर चुकलं की मी बाजूला बारीक ‘ग’ किंवा ‘श’ लिहिते. ‘ग’ म्हणजे गणित चुकलं, ‘श’ म्हणजे शब्द चुकला. शंका असेल तर तेच गणित मुलाला तोंडी मराठीत घालायचं, दोन मिनिटांचं काम. मार्क तेच राहतात, बदलता येत नाहीत. पण पालकांशी बोलताना काय बोलायचं ते बदलतं. त्या शिरवळच्या पालकांना मी सहामाहीची उत्तरपत्रिका अशी खुणा करून दाखवली. चुकलेल्या नऊ उत्तरांत पाच ‘श’ होते. चार ‘ग’ही होते, ते मी लपवले नाहीत, अपूर्णांक खरंच कच्चे होते. मुलगा सेमीतच आहे.

पालकांना इंग्रजी येत नसलं तरी घरी हे करता येतं. मुलाला घरातले, शेतातले इंग्रजी शब्द गोळा करायला सांगा, आणि त्या प्रत्येकाचा दुसरा अर्थ शाळेतून आणायला लावा. शेतात ‘बोअर’ मारतात आणि भाषणाने माणूस ‘बोअर’ होतो. मोटरीला थ्री ‘फेज’ लाइट लागते आणि विज्ञानात चंद्राच्या ‘फेजेस’ म्हणजे कला येतात. आजीची ‘टॅब्लेट’ गोळी, शाळेतला टॅब्लेट वेगळा. ‘लाइट गेली’ म्हणताना आपण विजेला लाइट म्हणतो. इंग्रजीत लाइट म्हणजे उजेड, दिवा, हलका, फिकट आणि पेटवणे, पण गेली ती ‘पॉवर’.

गेल्या आठवड्यात एका चौथीतल्या मुलीने ‘नेट’ आणला. तिच्या आईने सांगितलेला एक, काकांनी सांगितलेला एक, असं करत पान भरलं होतं. शेडनेट, मच्छरदाणी, मोबाइलचं नेट, कबड्डीच्या शेजारच्या मैदानावरचं व्हॉलीबॉलचं नेट. शेवटी बिस्किटाचा पुडा चिकटवलेला, आणि त्यावरच्या ‘नेट वेट’भोवती लाल गोल. खाली लिहिलं होतं : हे जाळीचं वजन आहे का? पुड्यात जाळी नाही.

तिला निव्वळ वजन म्हणजे काय ते सांगितलं. पुडा आणि बिस्किटं वेगवेगळी तोलायला काटा उद्या आणणार आहे.