जोशी-अभ्यंकर खटला आणि माफीचा साक्षीदार

दिघीहून आळंदी रस्त्यानें पुण्याकडे निघालें, कीं विश्रांतवाडी आणि येरवडा मागें टाकून बंडगार्डनच्या पुलापाशीं मुळा-मुठेचें पात्र लागतें. याच पात्रांत २४ मार्च १९७७ रोजीं शिडीला बांधलेलें एका तरुणाचें प्रेत वर आलें, आणि पांच महिने पुण्याची झोंप उडविणाऱ्या खुनांचा उलगडा तेथून सुरू झाला.

खुनांची हकीकत थोडक्यांत सांगतों. तींत रमण्यासारखें कांहीं नाहीं. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजीं विजयानगर कॉलनींत जोशी दांपत्य व त्यांचा मुलगा मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील बंगल्यांत संस्कृत व्याकरणाचे कोशकार काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांची पत्नी, दोन नातवंडें व घरची मोलकरीण अशीं पांच माणसें गळा आवळून मारलीं गेलीं. मारेकऱ्यांच्या हातांत मोजे होते. पाहणारें कोणी जिवंत उरलें नव्हतें. दिवेलागणीनंतर शहरांतले रस्ते ओस पडूं लागले.

नदींतल्या तरुणाच्या ओळखीचे चौघे जण टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप व मुनव्वर शहा. सहायक पोलिस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकानें विचारपूस केली, तेव्हां एकाचें सांगणें दुसऱ्याच्या सांगण्याशीं जुळेना. अखेर त्यांच्या एका सहाध्यायानें तोंड उघडलें. जानेवारी १९७६ मध्यें एका हॉटेलमालकाचा मुलगा बेपत्ता झाला होता. त्याला मारून, पिंपांत घालून तळ्यांत बुडविलें होतें, आणि बापाकडे खंडणीची चिठ्ठी मागाहून धाडली होती. शोध घेतां पेशवे पार्कच्या तळ्यांतून तें पिंप निघालें.

हा सहाध्यायी त्या पहिल्या खुनांत स्वतः सामील होता. त्याला माफीचा साक्षीदार करण्यांत आलें, आणि येथेंच खटल्याची खरी अडचण होती. आपला गळा सोडविण्यासाठीं दुसऱ्याच्या गळ्यांत दोर अडकविणाऱ्याच्या शब्दावर कितपत विसंबावें? तेव्हां लागू असलेला १८७२ चा पुरावा कायदा याविषयीं दोन तोंडांनीं बोले, असें म्हणावयास हरकत नाहीं. कलम १३३ म्हणे, केवळ अशा साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा ठरत नाहीं. कलम ११४ चा दृष्टांत सांगे, महत्त्वाच्या बाबतींत दुजोरा मिळाल्यावांचून असा माणूस विश्वासास अपात्र समजावा. न्यायालयें दुसऱ्या वचनाला धरून चालत आलीं. म्हणूनच तें पिंप मोलाचें. जोशी व अभ्यंकर यांच्या घरीं मात्र हा साक्षीदार गेलाच नव्हता. तेथला पुरावा निराळा उभा करावा लागला. अमेरिकेंतहि १९७० सालीं मॅन्सन टोळीच्या खटल्यांत टोळींतल्याच एका स्त्रीला माफी देऊन तिची साक्ष घ्यावी लागली होती.

माफी देणें मला योग्यच वाटतें. तिच्यावांचून पिंप कदाचित् तळ्यांतच राहतें. परंतु त्यांत ज्यांचा मुलगा सांपडला, त्यांच्या बाजूनेंहि एकदां पाहावें: त्याच्या खुनांतील एक जण साक्ष देऊन सुटला.

२८ सप्टेंबर १९७८ रोजीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें चौघांना फांशीची शिक्षा ठोठावली. उच्च न्यायालयानें १९७९ त ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयानें १९८० त अर्ज फेटाळला, दयेची याचनाहि व्यर्थ गेली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत चौघांना फांशी देण्यांत आलें.