खाडीकाठची सीमा : एका सहलीची पूर्वतयारी

दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की विद्यार्थ्यांकडून एकच प्रश्न येऊ लागतो, "गुरुजी, यंदा सहल कोठे?" कोणी महाबळेश्वराचे नाव घेतो, कोणी गोव्याचे. दूरच्या प्रवासाची आवड असणे स्वाभाविक आहे व तीत काही गैर नाही. परंतु आपल्या जूचंद्र गावाच्या दक्षिणेस, एका प्रहरात जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर, एक असा प्रदेश पसरला आहे की, ज्याच्याकडे आपण आगगाडीच्या खिडकीतून रोज पाहतो, पण जो आपण कधी नीट पाहिलेला नाही. तो प्रदेश म्हणजे वसईची खाडी. या खाडीची सहल कशी आखावी, हे विद्यार्थी व पालक या दोघांसही समजावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम खाडी म्हणजे काय ते पाहू. सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण या गावांवरून वाहत ठाण्याजवळ येते व तेथून पश्चिमेस वळून घोडबंदरावरून वसईजवळ समुद्रास मिळते. तिचा हा शेवटचा भाग म्हणजे वसईची खाडी. येथील पाणी धड नदीचे नाही, धड समुद्राचे नाही. पावसाळ्यात नदीचा जोर असतो, तेव्हा ते गढूळ व कमी खारे होते. उन्हाळ्यात समुद्र आत शिरतो, तेव्हा ते पूर्ण खारट होते. आपला मुलूख कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, उष्ण कटिबंधात पडतो. त्यामुळे या पाण्याच्या काठी तिवरांचे दाट रान उगवते, चिखलावर निवट्या उड्या मारतात आणि चिंबोऱ्या बिळे करून राहतात. उत्तरेस तुंगारेश्वराचे अभयारण्य व दक्षिणेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशी दोन अरण्ये या जलमार्गाच्या दोहों बाजूंस उभी आहेत.

आता यास सीमा का म्हणावे? आज ही खाडी पालघर व ठाणे या दोन जिल्ह्यांची हद्द आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून उत्तरेकडील वसई तालुका पालघर जिल्ह्यात व समोरचे भाईंदर ठाणे जिल्ह्यात, अशी वाटणी झाली. पण या पाण्याचा सीमा म्हणून असलेला इतिहास याहून फार जुना व अधिक बोधप्रद आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ साली तहाने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांस दिला. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे खाडीच्या दोन्ही तीरांवर एकच सत्ता होती. म्हणजे पाणी होते, पण सीमा नव्हती. मराठ्यांनी १७३७ साली साष्टी घेतली व १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला सर केला, तेव्हाही दोन्ही तीर एकाच राज्यात राहिले. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला व साष्टी बेट बळकावले. १७८० साली वसईही त्यांनी जिंकली. परंतु १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांस परत मिळाली आणि साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. तेव्हापासून १८१७ साली पेशव्यांनी उत्तर कोकण कंपनीच्या स्वाधीन करीपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे, हीच खाडी दोन राज्यांची खरीखुरी सरहद्द होती. अलीकडच्या तीरावर पेशव्यांचा अंमल व पलीकडच्या तीरावर कंपनी सरकारचा. विद्यार्थ्यांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे की, पाणी तेच, तीर तेच. सीमा मात्र माणसे आखतात व माणसेच पुसतात.

इतके सांगितल्यावर प्रत्यक्ष तयारीकडे वळू. पण त्यापूर्वी आमचीच एक चूक कबूल करणे आम्हांस भाग आहे. कारण या लेखाचा उगम त्या चुकीत आहे.

आम्ही शिक्षकी पेशात नवीन असताना जानेवारीतील एका रविवारी बारा-तेरा मुलांस घेऊन होडीने खाडीतील पाणजू बेटावर गेलो होतो. सर्वांस सोयीचा म्हणून रविवार निवडला होता. डबे, पाणी, परवानगीची पत्रे, सारे यथास्थित होते. दुपारी भरलेली खाडी पाहून मुले हरखून गेली. चार वाजण्याच्या सुमारास परत निघालो आणि थोडे अंतर गेल्यावर होडी चिखलाच्या पट्टीवर टेकली. पाणी उतरत होते; वल्ही चिखलात रुतू लागली. खाली उतरून होडी ढकलावी म्हटले, तर तांडेलाने आम्हांस हाताने अडविले. तो चिखल मांडीपर्यंत ओढून घेतो, हे त्यास ठाऊक होते. मग तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तुम्ही वार बघून निघालात, तिथी बघायला हवी होती."

त्या दिवशी अमावास्या होती. आठ वाजता भरतीचे पाणी होडीखाली आले, तोपर्यंत काळोखात आम्ही तेथेच बसून होतो. बरोबर आणलेले पाणी केव्हाच संपले होते. सहा वर्षांच्या शाळेच्या हजेरीपटात आम्ही मुलांची नावे जितक्या वेळा घेतली नसतील, तितक्या वेळा त्या चार तासांत ती घेतली असतील. निरोप पोहोचला होता, तरी नऊ वाजता आम्ही काठास लागलो तेव्हा आईबाप रांगेने उभे होते. कोणी आम्हांस एक शब्दही बोलले नाही. एका मातेने एवढेच विचारले, "गुरुजी, लेकरांनी पाणी प्यालं का?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना आमची मान खाली गेली. त्यानंतर खाडीवर पाऊल टाकण्यापूर्वी आम्ही पंचांग पाहिल्याखेरीज राहिलो नाही.

म्हणून पहिला नियम असा : खाडीच्या सहलीचा दिवस वारावरून नव्हे, तिथीवरून ठरवावा. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने होते व चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा त्याच जागी येतो. त्यामुळे भरतीही रोज तितकीच पुढे ढकलली जाते. यावरून आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार एक सोपा हिशेब करतात. तिथीच्या आकड्यास पाऊण तासाने गुणावे. जे तास येतील, त्या सुमारास पूर्ण भरती. उदाहरणार्थ, चतुर्थीस चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीस सहा वाजता. पौर्णिमेस व अमावास्येस पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा; ढोबळ मानाने मध्यान्ह. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. दिवसातून दोनदा भरती येते व प्रत्येक भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी होते. आमची होडी चार वाजता का रुतली व आठ वाजताच का सुटली, हे विद्यार्थ्यांनी या हिशेबावरून स्वतः काढून पाहावे. मध्यान्हीच्या भरतीनंतर सहा वाजता पाणी तळाशी जाते, आणि चार व आठ या दोन्ही वेळा त्या तळापासून सारख्याच अंतरावर आहेत.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एकाच रेषेत पडते. तेव्हा भरती फार चढते व ओहोटी फार उतरते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या पुढेमागे दोहोंची ओढ परस्परांस काटकोनात असते. तेव्हा पाणी बेताने चढते व बेताने उतरते. यास भांगाची भरती म्हणतात. मुलांच्या सहलीस भांगाचे दिवस बरे. मात्र वरील हिशेब अंदाजाचा आहे. भांगाच्या दिवसांत तो अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, आणि समुद्राच्या मुखापाशी आलेली भरती खाडीत आतवर पोहोचावयास आणखी वेळ घेते. सबब छापील भरतीपत्रक पाहावे व काठावरील जाणत्या माणसास विचारावे, हे दोन्ही आवश्यक.

ऋतूचा विचार याहून सोपा आहे. जून ते सप्टेंबर खाडीकडे सहल नेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत ऊन मुलांस सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; त्यातही माघ महिना विशेष चांगला, कारण तेव्हा हवा थंड असते, पाहुणे पक्षी आलेले असतात व मिठागरांचे काम सुरू झालेले असते.

या सर्वांचा मेळ घालून आम्ही माघ शुद्ध एकादशीच्या सुमाराचा एक दिवस सुचवितो. त्या दिवशी भरती सकाळी सव्वाआठच्या व ओहोटी दुपारी अडीचच्या आसपास येईल. सकाळी सात वाजता जूचंद्राहून वाहनाने निघावे. वसई-दिवा लोहमार्गावर आपले स्थानक आहे खरे, परंतु त्या मार्गावर गाड्या थोड्या असल्याने वेळेचा भरवसा धरता येत नाही. आठ-सव्वाआठपर्यंत वसईच्या किल्ल्याजवळील धक्क्यावर पोहोचून प्रथम भरलेली खाडी डोळे भरून पाहावी व पाणी धक्क्याच्या कोणत्या दगडापर्यंत आले आहे, ते वहीत टिपावे. मग किल्ला पाहावा. तेथील पडकी प्रार्थनामंदिरे, दरवाजे व तट यांवर नावे कोरणे हा अपराध आहे, हे निघण्यापूर्वीच बजावून सांगावे.

अकराच्या सुमारास धक्क्यावरून पलीकडे जावे. २०२४ साली वसई व भाईंदर यांच्या दरम्यान वाहनांसह माणसे नेणारी रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने जे अंतर सुमारे ३८ किलोमीटर भरते, ते पाण्याने साडेतीन किलोमीटरच आहे व पाव तासात तोडता येते. जी खाडी नकाशावर दोन तीर तोडताना दिसते, तीच त्यांचा सर्वांत जवळचा रस्ता आहे, हे मुलांस तेथे कोणी सांगावे लागणार नाही. बोटीचे वेळापत्रक मात्र आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

भाईंदरास भोजन उरकून एक वाजता लोकलगाडीने नायगावकडे परतावे. सुरतेकडून आलेला लोहमार्ग १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत पोहोचला, तेव्हापासून आगगाडी ही खाडी ओलांडीत आहे. दोन पुलांच्या मध्ये लागते ते पाणजू बेट. गाडी या बेटावरून जाते, पण तेथे थांबत नाही. बेटावरील लोक आजही होडीने नायगावास येतात. खिडकीशी बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तेथे क्षणभर आपल्या वयाच्या बेटावरील मुलाचा विचार करावा. आम्ही एका रात्री चार तास भरतीची वाट पाहिली. त्याच्या घरची माणसे रोजच तिच्याकडे पाहून दिवसाचा बेत करतात.

अडीच वाजता नायगावच्या काठावर उभे राहिल्यावर सकाळच्या त्याच खाडीचा चिखल उघडा पडलेला दिसेल. येथे बांधावरूनच पाहावे. चिखलात उतरण्यास सक्त मनाई ठेवावी. निवट्या, चिंबोऱ्या, बगळे व श्वास घेण्यासाठी जमिनीवर आलेली तिवरांची टोकदार मुळे यांची चित्रे वहीत काढावी. तिवर तोडण्यास कायद्याने बंदी आहे. तो भरतीचा जोर मोडतो व माशांच्या पिल्लांस आसरा देतो.

शेवटी, मालकाची परवानगी आधी घेऊन, चालू असलेले एखादे मिठागर पाहावे. या भागातील पुष्कळ मिठागरे आता बंद पडली आहेत. म्हणूनच उरलेले पाहण्याची घाई करणे योग्य. उधाणाचे पाणी आत घेऊन एका कोंडीतून दुसरीत फिरवितात व उन्हात आटवितात. समुद्राच्या शंभर लिटर पाण्यात साडेतीन किलोच्या आसपास क्षार असतात, आणि पाणी आटून दहावा हिस्सा उरले की मीठ धरू लागते. त्या पांढऱ्या राशींमागे किती ऊन व किती श्रम आहेत, ते काम करणाऱ्या माणसांकडूनच नम्रपणे विचारून घ्यावे. पाच वाजता, उजेड असतानाच, मुले घरी परतलेली असावीत.

आता पालकांस दोन शब्द. दर दहा मुलांमागे एक शिक्षक, प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, डोक्यास टोपी, पायांत घट्ट बूट, प्रथमोपचाराची पेटी व उलटी लागणाऱ्या मुलांची वेगळी यादी, एवढे आमच्याकडून निश्चित होईल. आपल्याकडून एवढीच अपेक्षा की, सहलीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी आपण आम्हांस निःसंकोच विचारावे, "त्या दिवशी तिथी कोणती? ओहोटी किती वाजता?" आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील याच पाण्यावर व याच मिठावर जगले. भरतीचा हिशेब त्यांस तोंडपाठ होता. तो मुलांस घरीच शिकवाल, तर आमचे अर्धे काम झाले म्हणून समजा. उरलेले अर्धे खाडी स्वतः शिकवील. आपण फक्त तिच्या वेळेस हजर राहिले पाहिजे.