धंद्याचे आकडे वाचायला तीन पॅकेजेस, आणि एका ताईंचा नोव्हेंबर



2024 च्या डिसेंबरमधली गोष्ट. आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. घरगुती फराळाचा धंदा, हाताखाली दोन मदतनीस बायका. ताई म्हणाल्या, "सर, धंदा बसला हो. मागच्या नोव्हेंबरच्या निम्मासुद्धा गल्ला झाला नाही. जानेवारीपासून एकीला येऊ नको म्हणून सांगावं लागणार."

मी म्हटलं, "थांबा ताई, आधी ऑक्टोबरचा आकडा वाचून दाखवा."

ऑक्टोबरचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. कारण साधं होतं. 2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 साली 1 नोव्हेंबरला. फराळ विकला जातो दिवाळीच्या आधी. म्हणजे 2024 चा जवळजवळ सगळा सीझन ऑक्टोबरातच उरकला. दोन्ही महिन्यांची बेरीज केली तर धंदा मागच्या वर्षीपेक्षा थोडा वरच होता. दिवाळी सरकली होती, गिऱ्हाईक गेलं नव्हतं. दोघीही अजून कामावर आहेत.

ताई हिशेबात कच्च्या नाहीत. वही रोज लिहितात. चूक झाली ती तुलनेत. आणि अशी तुलना नीट करायला मदत करणारी सॉफ्टवेअरं आज फुकट मिळतात, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नाही. आज त्यातली तीन बघू.

पॅकेज म्हणजे काय?

घरातला मिक्सर आठवा. मोटर एकच, पण चटणीचं भांडं वेगळं, दळायचं वेगळं, ज्यूसचं वेगळं. जे काम असेल ते भांडं बसवायचं. आकड्यांच्या सॉफ्टवेअरचंही तसंच असतं. मूळ सॉफ्टवेअर म्हणजे मोटर आणि त्याला जोडायचं ॲड-ऑन पॅकेज म्हणजे भांडं. सगळी भांडी विकत घ्यायची गरज नाही. आज काय वाटायचंय ते आधी ठरवा.

पॅकेज 1: एक्सेलमध्ये आधीच असलेलं टूलपॅक

तुमच्या कॉम्प्युटरवर एक्सेल असेल तर 'ॲनालिसिस टूलपॅक' त्यात आलेलंच असतं, फक्त चालू केलेलं नसतं. फाइलमध्ये जा, ऑप्शन्स, मग ॲड-इन्स. खाली 'मॅनेज' असं दिसेल, तिथे एक्सेल ॲड-इन्स निवडून 'गो' दाबा. ॲनालिसिस टूलपॅकवर टिक करा, ओके. आता वरच्या डेटा टॅबमध्ये 'डेटा ॲनालिसिस' हे नवीन बटण दिसेल. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये हे मिळत नाही, लॅपटॉप किंवा पीसी लागेल. एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे. त्याच्या डेटा मेनूत 'स्टॅटिस्टिक्स' म्हणून अशीच सोय आहे.

पहिलं काम: 'डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स' निवडा आणि बिलांच्या रकमेचा कॉलम द्या. सरासरी आणि मीडियन, म्हणजे शाळेत शिकलेला मध्यक, दोन्ही मिळतील. दोन्ही का बघायचे? समजा दिवसात दहा बिलं झाली. नऊ बिलं 100 रुपयांची आणि एक केटरिंगची ऑर्डर 3,100 रुपयांची. सरासरी आली 400 रुपये. पण 400 रुपयांचं गिऱ्हाईक तुमच्याकडे त्या दिवशी एकही आलं नाही! मीडियन 100 सांगतो, आणि तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक तेच आहे. सरासरीकडे बघून तुम्ही 350 रुपयांचे कॉम्बो पॅक बनवायला घेतले, तर ते पडून राहणार.

पॅकेज 2: कशाबरोबर काय खपतं?

आता जरा मोठी मोटर. 'आर' नावाचं सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते बनवायला घेतलं. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर, म्हणून नावही आर. 1995 पासून ते सगळ्यांसाठी मोफत आणि खुलं आहे. जगभरातले लोक त्यासाठी पॅकेजेस लिहितात आणि 'क्रॅन' नावाच्या एका सामायिक कोठारात ठेवतात. आज तिथे वीस हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. घाबरू नका, आपल्याला त्यातली दोनच हवीत.

आधी आर इन्स्टॉल करा, नंतर आरस्टुडिओ. आरस्टुडिओच्या टूल्स मेनूत 'इन्स्टॉल पॅकेजेस' आहे. तिथे 'एरूल्स' हे नाव टाका. स्पेलिंग ए, आर, यू, एल, ई, एस, सगळी लहान अक्षरं. एक लक्षात ठेवा: इन्स्टॉल एकदाच करायचं असतं, पण दर वेळी काम सुरू करताना पॅकेजेसच्या यादीत त्यावर टिक करावी लागते. भांडं कपाटात आहे, पण मिक्सरवर बसवलं नाही तर चटणी कशी होणार? नवशिक्यांचे निम्मे एरर इथेच येतात.

हे पॅकेज तुमच्या बिलांमध्ये कोणत्या वस्तू जोडीने जातात ते शोधतं. त्यामागची 'अप्रायोरी' ही पद्धत राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी 1994 साली मांडली.

सरावासाठी पॅकेजसोबतच एका किराणा दुकानाची 30 दिवसांची खरी बिलं मिळतात. एकूण बिलं 9,835. त्यातल्या 2,513 बिलांत दूध आहे, म्हणजे 100 पैकी साधारण 26 गिऱ्हाईकं दूध घेतातच. आता 'इतर भाज्या' या गटातलं काही घेणारी बिलं बघा: 1,903. त्यातल्या 736 बिलांत दूधही आहे, म्हणजे 100 पैकी साधारण 39. एरवी 26, भाजीवाल्यांत 39. भाजी घेणारा माणूस दूध घ्यायची शक्यता दीडपट. या दीडपटीला म्हणतात 'लिफ्ट'.

आता सोडा बघू. सोडा घेणाऱ्या 1,715 बिलांपैकी 394 मध्ये दूध आहे, म्हणजे 100 पैकी 23. नुसता हा आकडा पाहिला तर वाटेल, "वा, सोड्यावाले चारात एक जण दूध घेतात, चला कॉम्बो करू." पण दूध तर एरवीही 100 पैकी 26 जण घेतात! म्हणजे सोडा घेणारे दूध जरा कमीच घेतात. इथे लिफ्ट 0.9 येते. लिफ्ट 1 च्या वर असेल तरच जोडी, खाली असेल तर नाही. कॉम्बो, शेजारी-शेजारी मांडणी, ऑफर ठरवण्याआधी ही एक रांग वाचा.

आपल्या धंद्यात हेच विचारा. चकलीबरोबर शेव जाते की चिवडा? ब्लाऊजच्या ऑर्डरीबरोबर फॉल-पिको किती वेळा येतं? पण लिफ्ट दीड आली आणि जोडी मात्र चारच बिलांत दिसली, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. निदान काही शे बिलं जमू द्या, मग निर्णय घ्या.

पॅकेज 3: पुढे किती लागेल?

हे ताईंच्या कामाचं. 'प्रॉफेट' हे पॅकेज फेसबुकने 2017 साली सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. त्याला दोन कॉलम लागतात: तारीख आणि त्या दिवसाची विक्री. पण खरी गंमत तिसऱ्या गोष्टीत आहे. सणांच्या तारखांची यादी त्याला वेगळी देता येते.

आपल्या धंद्यात हे फार महत्त्वाचं, कारण आपले सण इंग्रजी कॅलेंडरवर एका जागी बसत नाहीत. चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून दिवाळी दर वर्षी पुढे-अलीकडे येते. अधिक महिना आला की एकदम लांब जाते. लक्ष्मीपूजनाच्या तारखा बघा:

2022: 24 ऑक्टोबर
2023: 12 नोव्हेंबर (त्या वर्षी अधिक श्रावण होता)
2024: 1 नोव्हेंबर
2025: 21 ऑक्टोबर
2026: 8 नोव्हेंबर (या वर्षी अधिक ज्येष्ठ)

या तारखा पॅकेजला दिल्या आणि 'सणाआधीचे 15 दिवस मोजायचे' एवढं सांगितलं, की ते दर वर्षीचा फराळाचा पंधरवडा ओळखतं, मग तो कुठल्याही महिन्यात पडो. उत्तर देताना ते मधला अंदाज देतंच, शिवाय एक खालची आणि एक वरची मर्यादाही देतं. तीच कामाची. टिकणारा माल, म्हणजे डाळी, पोहे, पॅकिंगच्या पिशव्या, वरच्या मर्यादेच्या बाजूने भरा. जो माल महिनाभरात खवट होईल तो खालच्या मर्यादेने सुरू करा आणि ऑर्डरी बघून वाढवा.

एक अट आहे. एकाच वर्षाची वही असेल तर वर्षाचं चक्र कुणालाच कळणार नाही, पॅकेजलाही नाही. निदान दोन वर्षांच्या नोंदी हव्यात. तोवर ताईंसारखं करा: दिवाळीआधीचे 15 दिवस यंदाचे आणि मागचे समोरासमोर मांडा. त्याला साधी वहीसुद्धा पुरते.

वही कशी लिहायची?

पॅकेज कितीही चांगलं असलं तरी वही घाणेरडी असेल तर उत्तरही तसंच येणार. चार नियम पाळा.

एक, प्रत्येक वस्तूला वेगळी ओळ: तारीख, बिल नंबर, वस्तू, नग किंवा वजन, दर. बिल नंबर नसेल तर जोड्या शोधताच येणार नाहीत.

दोन, वस्तूचं नाव कायम एकसारखं. 'चकली', 'भाजणी चकली' आणि 'चकली भाजणीची' या कॉम्प्युटरला तीन वेगळ्या वस्तू वाटतात.

तीन, तारखेचा घोळ सांभाळा. कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असेल तर 05/11 म्हणजे 5 नोव्हेंबर न होता 11 मे होतो, आणि तुमची दिवाळी उन्हाळ्यात जाते! आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहा.

चार, गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाइल नंबर या फाइलमध्ये ठेवू नका. जोड्या शोधायला त्यांची गरज नाही. आर तुमच्याच मशीनवर चालतं, डेटा कुठे पाठवावा लागत नाही. "तुमची फाइल अपलोड करा, आम्ही फुकट रिपोर्ट देतो" म्हणणाऱ्या अनोळखी साइटपासून लांब राहा. पॅकेजही क्रॅनवरूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको.

आणि हो, पॅकेजला तुमचा धंदा माहीत नसतो. मे महिन्यात आठवडाभर विक्री शून्य दिसली, तर ते म्हणेल मागणी पडली. तुम्ही लग्नाला गावी गेला होतात, हे तुम्हालाच ठाऊक. दुकान बंद असलेले दिवस वहीत 'बंद' म्हणून लिहा.

आजचा गृहपाठ

तिन्ही पॅकेजेस एकदम उघडून बसू नका. या आठवड्यात एकच प्रश्न कागदावर लिहा, ज्याच्या उत्तरावर तुमचे पैसे किंवा कुणाचं काम अवलंबून आहे. कॉम्बो करू का? किती माल भरू? माणूस कमी करू का? मग गेल्या 30 दिवसांची बिलं वरच्या चार नियमांनी टाइप करा. रोज अर्धा तास दिलात तर हळूहळू होईल. फाइल तयार झाली की टूलपॅक चालू करून सरासरी आणि मीडियन काढा, आणि दोन्हींत किती फरक पडला ते कमेंटमध्ये लिहा. मी वाचतो.

पुढच्या व्हिडिओत एरूल्स स्क्रीनवर चालवून दाखवणार आहे. तुमची फाइल तयार ठेवा, म्हणजे माझ्याबरोबरच करता येईल. भेटू!