अरोवानाच्या कल्ल्याची कड
अरोवाना मासा पाळणाऱ्याने रोज निरखावी ती कल्ल्याच्या झाकणाची मागची कड. मऊ, पातळ अशी ही पट्टी निरोगी माशाच्या अंगाला चपखल बसते. टाकी अपुरी पडली, पाणी बदलायचं राहिलं, नायट्रेट साचलं, की ती वहीच्या दुमडलेल्या पानासारखी बाहेर वळते आणि आतले लाल कल्ले उघडे पडतात. वळण नुकतंच सुरू झालं असेल तर कात्रीला हात लावू नका. पाणी वरचेवर बदला, टाकी मोठी द्या, पंपाचा प्रवाह वाढवा. अनेकदा कड पुन्हा सरळ होते.

कड ताठरली तर मात्र कापावी लागते. लवंगतेलासारखी भूल मिसळलेल्या पाण्यात मासा निपचित झाला की ओल्या हाताने धरून फक्त वळलेली पट्टी छाटतात. आतल्या हाडाला धक्का लागता कामा नये. भुलीचं प्रमाण चुकलं तर मासा हातातच दगावतो, म्हणून हे काम माशांच्या जाणत्या पशुवैद्याचंच. नंतर माशाला स्वच्छ पाण्यात, तोंडातून पाणी आत जाईल असं धरायचं आणि कल्ले स्वतःहून हलेपर्यंत सोडायचं नाही. पट्टी हळूहळू पुन्हा वाढते. पाणी तसंच खराब राहिलं, तर नवीही वळते.