जुलैत मुंबईला जाताय? ढगांआधी भरतीची वेळ बघा

नागपूरहून जुलैत मुंबईला जाणारे सगळेच काही फिरायला जात नाहीत. माझ्या मावसबहिणीला अमेरिकेत एमएस करायचंय आणि व्हिसाची मुलाखत बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. स्लॉट घ्यायच्या आधी तिचा प्रश्न होता, "दादा, वेदर अ‍ॅपमध्ये सगळ्याच दिवशी पाऊस दिसतोय. तारीख कोणती घेऊ?"

अ‍ॅपमध्ये महिनाभराचे ढग दिसतात खरे, पण रोजच्या पावसाचा अंदाज साधारण पाच दिवसांपर्यंतच कामाचा असतो. त्यापुढे जे दिसतं ते बहुतेक त्या महिन्याची सरासरी. आणि जुलैतल्या मुंबईची सरासरी म्हणजे पाऊसच!

महिनाभर आधी पक्कं सांगता येतं ते भरतीबद्दल. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे आपण तिकडे बघतच नाही. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते, म्हणून तिचं गणित आधीच मांडता येतं. मुंबईत दिवसाला साधारण दोन भरत्या येतात, रोज जवळपास ५० मिनिटं उशिरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास त्या मोठ्या असतात, अष्टमीच्या आसपास लहान. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखांची यादी मुंबई महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते.

याचा रस्त्याशी काय संबंध? मुंबईचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. मोठ्या भरतीत समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर चढते. समुद्र आत शिरू नये म्हणून दरवाजे बंद करावे लागतात आणि पाणी पंपांनी बाहेर फेकावं लागतं. त्याच वेळी धो-धो पाऊस आला तर पाणी तुंबतं. तोच पाऊस ओहोटीत पडला तर बराच लवकर ओसरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, म्हणजे आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात पडतो जवळपास तेवढा. त्यातच दुपारी मोठी भरती होती. बीकेसी तर मिठी नदीच्या काठावरच आहे.

मुंबईत मोठ्या भरत्या साधारण भरदुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येतात. म्हणून मी तिला सांगितलं: कॅलेंडर काढ, अष्टमीच्या जवळची तारीख घे, तीही सकाळची. त्या दिवशी पाऊस पडणार नाही असं नाही, पण पडला तर पाण्याला जायला वाट असेल.

पावसाकडे बघायचं ते शेवटच्या पाच दिवसांत. '७०%' म्हणजे पाऊस पडण्याची शक्यता. किती पडेल ते त्यात नसतं. जुलैत मुंबईत हा आकडा जवळपास रोजच मोठा असतो, त्यामुळे माझ्या मते तो बघूच नका. मिलिमीटर बघा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. पिवळा, ऑरेंज आणि रेड अलर्ट साधारण याच क्रमाने येतात. खात्याच्या 'मौसम' अ‍ॅपमध्ये हे इशारे मिळतात. निघायच्या दिवशी सकाळी मात्र रडार आणि पुढच्या तीन तासांचा अंदाज बघा, तो जास्त कामाचा.

अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता ही पाणी तुंबण्याची नेहमीची ठिकाणं. रेड अलर्ट असेल तर मॅप कितीही हिरवा रस्ता दाखवो, सबवेतून जाऊ नका. आणि मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, थोडी रोख पण ठेवा. नेटवर्क गेलं की यूपीआय पण गेलं.

राहिली रेल्वे. आपल्या गाड्या भुसावळ, इगतपुरीवरून कसारा घाट उतरून जातात आणि घाटात दरड आली की सगळंच अडकतं. म्हणून एक दिवस आधी पोचा. ई-तिकीट असेल आणि गाडीच रद्द झाली, तर पैसे आपोआप परत येतात. पण गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट आहे म्हणून तुम्ही जायचं रद्द केलं, तर टीडीआर भरावा लागतो, आणि तोही गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आधी.