मनाचा दवाखाना (भाग ५) : पाटी आणि नोंदवही

क्लासेसची गल्ली लातूरची असो की पुण्याच्या सदाशिव पेठेतली, खानावळ आणि झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एखादी समुपदेशन केंद्राची पाटी दिसतेच. नावाआधी ‘डॉ.’, नावाखाली हिप्नोथेरपी, हस्ताक्षर विश्लेषण, करिअर मार्गदर्शन, विवाहपूर्व सल्ला. बारावीचा मुलगा रात्र रात्र जागा राहतो म्हणून हवालदिल झालेल्या बापाला एवढंच हवं असतं, की या माणसाकडे पोराला न्यावं की नाही. पाटी वाचून ते समजत नाही. ‘डॉ.’ हे अक्षर एमबीबीएसचं असू शकतं, मानसशास्त्रातल्या पीएच.डी.चं असू शकतं आणि अर्थशास्त्रातल्याही.

डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते हे बहुतेकांना माहीत असतं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, नोंद मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. दिल्लीतली भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली ती अपंगांच्या पुनर्वसनात काम करणाऱ्या व्यावसायिकांसाठी. त्यामुळे तिच्या केंद्रीय नोंदवहीत वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि कृत्रिम अवयव बसवणारे यांच्या पंगतीत मानसशास्त्रज्ञही बसतात. जोडी चमत्कारिक वाटते खरी, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या करताना याच परिषदेच्या मान्यतेचा आधार घेतला.

या नोंदवहीत नाव लागायला नुसतं एम.ए. पुरत नाही. त्यानंतर दोन वर्षांची एम.फिल. करावी लागे, तीही रुग्णांमध्ये, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. यूजीसीने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केली तेव्हा या विषयाची पंचाईत झाली आणि प्रवेशांना २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली. नोंदणी झाली की क्रमांक मिळतो. ती नोंदणी कायमची नसते. ठरावीक वर्षांनी नवी करावी लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणी पडताळता येते. बापाने ते आधी करावं, किंवा सरळ फोन करून क्रमांक विचारावा. नोंदणी असलेल्याला या प्रश्नाचा राग यायचं कारण नाही, आणि ज्याला येतो त्याच्याकडे पोराला न नेलेलं बरं.

नोंदवहीत नाही तो भोंदू, असा मात्र याचा अर्थ नव्हे. शाळांमधले, महाविद्यालयांतले, स्वयंसेवी संस्थांतले अनेक चांगले समुपदेशक एम.ए. किंवा समाजकार्य शिकलेले असतात, आणि परीक्षेची धास्ती, घरातली भांडणं, जवळच्या माणसाचं जाणं अशा प्रसंगी त्यांची खरी मदत होते. त्यांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, पण राज्यांनी परिषदा नेमण्यात इतकी चालढकल केली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. तोवर पारख पालकांनाच करावी लागते. प्रशिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली झालं आणि कोणत्या रुग्णाला तुम्ही दुसरीकडे पाठवता, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यातला तिसरा सर्वांत महत्त्वाचा. आपल्या हातात काय नाही हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हातात पोर देणं जोखमीचं.

कागद लागणार असेल तर आणखी सावध राहावं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर खाजगी चाचणीच्या जाडजूड अहवालावर काम भागत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयासारख्या अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. अहवालाला हजारो रुपये मोजून झाल्यावर हे कळणारे पालक कमी नाहीत.

आणि जिथे पाटीच नाही तिथे? जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये चौकशी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचंही पद आहे, मात्र ते भरलेलं आहे का आणि ओपीडी कोणत्या वारी असते, हे विचारूनच एसटी धरावी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागही आहेत. तिथे गेलं म्हणजे भरती व्हावंच लागतं हा गैरसमज आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

ऑनलाइन भेटीमुळे अंतराचा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. केंद्रीय नोंदवहीतल्या व्यावसायिकाला देशात कुठेही काम करता येतं, त्यामुळे अहेरीच्या मुलीला पुण्याच्या मानसशास्त्रज्ञाशी बोलायला कायद्याची आडकाठी नाही. दोन खोल्यांच्या घरात दार लावून बोलता येईल अशी जागा मिळवणं, हेच तिला अवघड जातं.

(पुढील आठवड्यात : पहिल्या भेटीत काय विचारलं जातं?)